थिबाचा वाडा: राजवाडा की बंदिगृह?

राजे गेले, राजवाडे राहिले. जगाच्या बहुतेक भागांत विसाव्या शतकाने हा निकाल देऊन टाकला, आणि आमच्या देशातही १९७१ साली घटनेची सव्विसावी दुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखे व त्यांच्या पदव्यांची मान्यता ही दोन्ही संपुष्टात आली. तेव्हा या विषयावर पुन्हा लेखणी उचलण्याचे कारण उरले नाही, असे कोणासही वाटावे. परंतु वादात हरलेला पक्ष पुष्कळदा बाजारात जिंकतो. राजसत्तेचे समर्थन आता कोणी ईश्वरी अधिकाराच्या आधारे करीत नाही. ते जमाखर्चाच्या वहीवरून केले जाते. राजा नीतिमान होता काय, त्याने प्रजेचे हित पाहिले काय, हे प्रश्न जुने झाले. त्याच्या वाड्यापुढे किती मोटारी उभ्या राहतात, हा नवा प्रश्न आहे. आणि मोटारी पुष्कळ उभ्या राहिल्या की राजेपणास आपोआप सद्गुणाचे प्रमाणपत्र मिळते.

हा युक्तिवाद मूळचा विलायतेचा. तेथील राजघराण्यावर होणाऱ्या खर्चाविषयी कोणी तक्रार केली की लगेच उत्तर मिळते, की परदेशचे प्रवासी राजवाडे पाहावयास येतात आणि खर्चाहून अधिक पैसा देशात टाकून जातात. उत्तर ऐकावयास बिनतोड वाटते. पण त्याची तपासणी केली तर काय आढळते? लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याचे दिवाणखाने सामान्य जनांस १९९३ सालापर्यंत उघडे नव्हते. आदल्या वर्षी विंडसरच्या किल्ल्यास आग लागली, दुरुस्तीचा पैसा उभारणे भाग पडले, तेव्हा कोठे ती दारे उघडली. आणि तीही मुख्यतः उन्हाळ्यात, राजकुटुंब बाहेरगावी असते त्या काळात. म्हणजे प्रवाशाला आत शिरण्यास राजाची उपस्थिती नव्हे, अनुपस्थिती उपयोगी पडली! फ्रान्समधील व्हर्सायचा राजवाडा पाहा. सोळावा लुई १७८९ च्या ऑक्टोबरात तेथून निघाला तो परत आला नाही, आणि १७९३ साली त्याचा शिरच्छेद झाला. तथापि लक्षावधी लोक आजही दरवर्षी व्हर्सायला जातात. पेकिंगच्या निषिद्ध नगरीतून शेवटच्या बादशहास १९२४ साली बाहेर काढण्यात आले, आणि दुसऱ्याच वर्षी तेथे संग्रहालय सुरू झाले. प्रवासी जे पाहावयास येतात ते शिल्प, इतिहास आणि माणसाच्या हातची कारागिरी. सिंहासनावर कोणी बसलेला असणे त्यास मुळीच आवश्यक नाही.

इतके झाल्यावर आम्ही हा विषय सोडून दिला असता. परंतु हीच विचारसरणी आता अधिक सौम्य रूपाने आमच्या दारी आली आहे, आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी तर तिने एक विलक्षण विपर्यास घडवून आणला आहे. त्याविषयी बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते.

रत्नागिरीस जो जातो तो थिबाचा राजवाडा पाहिल्यावाचून परतत नाही. टेकाडावर उभी असलेली ती तांबडी, तिमजली वास्तू; उतरती छपरे; सागवानावरील कोरीव काम; अर्धवर्तुळाकार खिडक्यांतील रंगीत काचा; पश्चिमेस भाट्याची खाडी आणि तिच्या पलीकडे अरबी समुद्र. स्थळ रम्य आहे यात शंका नाही. मुले पायऱ्यांवर धावतात, वडील मंडळी छायाचित्रे काढतात, आणि घरी परतल्यावर सर्वजण सांगतात की आम्ही ब्रह्मदेशच्या राजाचा राजवाडा पाहिला. आमचा आक्षेप या वाक्यातील शेवटच्या दोन शब्दांना आहे. जो राजवाडा म्हणून दाखविला जातो तो राजवाडा कधीच नव्हता. ते एक बंदिगृह होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण या वास्तूइतकी दुसऱ्या कोणत्याही वास्तूस लागू पडणार नाही.

वस्तुस्थिती थोडक्यात सांगतो. थिबा हा मिंडान राजाचा पुत्र. तो १८७८ साली मंडालेच्या गादीवर बसला आणि १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्यास पदच्युत केले. त्या वेळी त्याचे वय सव्वीस होते. प्रथम त्यास मद्रासेस नेले आणि १८८६ च्या एप्रिलात राणी सुपयालत, परिवार व मुली यांसह रत्नागिरीस आणून ठेवले. धाकटी राजकन्या तर रत्नागिरीतच जन्मली. आज जो वाडा आपण पाहतो तो १९१० साली पुरा झाला. म्हणजे पहिली चोवीस वर्षे हे कुटुंब सरकारी बंगल्यांतून राहिले, आणि या वाड्यात थिबास मिळाली ती जेमतेम सहा वर्षे. कारण १९१६ च्या डिसेंबरात तो येथेच वारला. वाडा बांधविला तो बंदिवान ठेवणाऱ्या सरकारने. त्यात राहणाऱ्यास परवानगीवाचून कोठे जाण्याची मोकळीक नव्हती. त्याच्यावर देखरेख ठेवण्यास सरकारी अधिकारी नेमलेला होता. नेमणुकीचा पैसा अपुरा पडे आणि मंडालेहून आणलेले जडजवाहीर एकेक करून विकले जाई. ज्या घराच्या मालकास घराबाहेर पडण्यास विचारावे लागते त्यास राजवाडा म्हणावयाचे असेल, तर मग येरवड्यासही किल्ला म्हणावयास हरकत नाही.

आणि रत्नागिरीच का? तिचे सृष्टिसौंदर्य पाहून कोणा गव्हर्नरास कविकल्पना सुचली म्हणून नव्हे. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आगगाडी नाही, पावसाळ्याचे चार महिने जलमार्गही बंद. जेथून कोणास पळता येणार नाही आणि जेथे कोणी भेटावयास येणार नाही, अशी जागा हवी होती. हीच दृष्टी पुढे १९२४ साली विनायकराव सावरकरांस रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध करतानाही सरकारजवळ होती, आणि ती स्थानबद्धता १९३७ पर्यंत टिकली. कोकण रेल्वे संपूर्ण खुली झाली ती १९९८ साली. जी दुर्गमता एका कैद्यास कोंडण्यासाठी उपयोगात आणली, ती नाहीशी झाल्यावर आता त्याच कैद्याच्या घरास आम्ही विहारस्थळ म्हणून मिरवितो! विहार करू नये असे आमचे म्हणणे नाही. पण आपण कोठे विहार करीत आहोत हे तरी ठाऊक असावे.

राज्य गेले ते कशामुळे, हेही मराठी माणसाने जाणून घेण्यासारखे आहे. तत्कालीन कारण सागवानाचे. बॉम्बे-बर्मा ट्रेडिंग कंपनी, जिच्या नावातच आमची मुंबई आहे, ब्रह्मदेशच्या जंगलांतून सागवान काढीत असे. तिने पुरते शुल्क न भरता लाकूड नेले असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड केला. फ्रेंचांचे वजन तेथे वाढेल ही भीती इंग्रजांच्या मनात होतीच. त्यात हे निमित्त मिळाले. निर्वाणीचा खलिता गेला, युद्ध झाले, ते जेमतेम पंधरा दिवस टिकले, आणि १८८६ च्या जानेवारीच्या पहिल्या दिवशी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाला. थिबाचे सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात जाऊन पडले. ते ब्रह्मदेशास परत मिळाले तो देश स्वतंत्र झाला त्या १९४८ साली. ज्या लाकडावरून राज्य गेले त्याच जातीच्या लाकडावरील नक्षी आज रत्नागिरीचा प्रवासी वाखाणतो. नक्षी वाखाणण्याजोगी आहे. परंतु या लाकडाचा हिशेब कोणी त्याच्या कानी घातला तर त्याचे पाहणे अधिक डोळस होईल.

येथे कोणी म्हणेल, की तुम्ही एका पदच्युत राजाची कड घेऊन राजेशाहीचेच गोडवे गात आहा. मुळीच नाही. थिबा गादीवर आल्यावर १८७९ साली राजघराण्यातील कित्येक आप्तांची, त्यांत स्त्रियांची व मुलांचीही, कत्तल झाली. ती राजाच्या आज्ञेने झाली की राणी व तिची आई यांच्या कारस्थानाने, यावर इतिहासकार वाद घालोत. ज्या व्यवस्थेत गादी निष्कंटक करण्यासाठी भावाबहिणींचे रक्त सांडावे लागते, त्या व्यवस्थेविषयी आम्हांस यत्किंचितही प्रेम नाही. पण राजाच्या अपराधाने साम्राज्याचा अपराध धुऊन निघत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि दोन्ही एकाच वेळी सांगता येतात. पर्यटनाची जाहिरात मात्र यांपैकी एकही सांगू शकत नाही. तिला हवे असते वैभव. रक्तही नको आणि बेडीही नको.

वैभवाच्या या हव्यासामुळे सर्वांत मोठा अन्याय कोणावर होत असेल तर तो राजावर नव्हे, टूटूवर. थिबाच्या थोरल्या मुलीचा वाड्यावरील नोकर गोपाळ सावंत याच्याशी संबंध जडला, आणि १९०६ साली तिला मुलगी झाली. तीच ही टूटू. थिबाच्या मृत्यूनंतर १९१९ साली राणी व मुली ब्रह्मदेशी परतल्या. थोरली मुलगी पुढे पुन्हा रत्नागिरीस आली आणि १९४७ साली येथेच दारिद्र्यात वारली. टूटू रत्नागिरीची होऊन राहिली. तिची बोली मराठी, संसार मराठी, कष्ट कोकणातल्या कोणत्याही गरीब बाईचे. मंडालेच्या राजाची ही नात २००० साली वारली. ज्या गावात तिच्या आजोबाचा वाडा पाहण्यास लोकांची रीघ लागते त्याच गावात तिने आपले दीर्घ आयुष्य हलाखीत कंठिले. राजवाड्यांपासून होणाऱ्या लाभाचे जे आकडे सांगितले जातात, त्यांत या आयुष्याचा रकाना कोणता, हे आम्हांस कोणी समजावून देईल काय?

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. ते म्हणतात, तुमची तत्त्वे पोटभरल्यांना शोभतात. कोकणाला पोट आहे. पिढ्यान् पिढ्या येथील तरुण मुंबईस चाकरीला जातो. आंबा आणि मासळी यांवर बारमाही भागत नाही. प्रवासी आला तर रिक्षावाल्यास भाडे मिळते, खाणावळ चालते, घरगुती निवासाची सोय करणाऱ्या गृहिणीस चार पैसे मिळतात, कोकमाचे आगळ आणि फणसपोळी खपते. जुन्या वास्तूच्या कौलांची डागडुजी पावसाळ्यापूर्वी दरवर्षी करावी लागते, तीही फुकट होत नाही. हा मुद्दा आम्ही पूर्णपणे मान्य करतो. वाड्यास कुलूप लावा, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. तेथे काही काळ तंत्रनिकेतन भरे, आता पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, हिवाळ्यात तेथील प्रांगणात गाण्याच्या बैठकी होतात. या सर्व गोष्टी उत्तम आहेत. वास्तू लोकांची झाली आणि लोकांच्या वापरात राहिली, याहून चांगले काय?

आमचे म्हणणे एवढेच, की सत्य सांगितल्याने प्रवासी कमी होतात हा समज निराधार आहे. पुण्याचा आगाखान पॅलेस हे त्याचे उत्तर आहे. १८९२ साली बांधलेली ही भव्य इमारत श्रीमंती थाटाची आहे. परंतु तेथे आगाखानांचे ऐश्वर्य पाहावयास कोण जातो? लोक जातात ते गांधीजी १९४२ ते १९४४ पर्यंत तेथे बंदिवान होते म्हणून. महादेवभाई आणि कस्तुरबा यांनी त्या बंदिवासात देह ठेवला, त्यांच्या समाध्या तेथे आहेत म्हणून. नाव पॅलेस असले तरी शाळेतल्या मुलासही ठाऊक असते की हा तुरुंग होता. १९६९ साली ती इमारत राष्ट्रास दान मिळाली, आणि तिचे मोल तेथील संगमरवरावरून कोणी ठरविले नाही. जे पुण्यास साधते ते रत्नागिरीस का साधू नये? फरक असलाच तर एवढा, की पुण्याचे कैदी आमचे होते आणि रत्नागिरीचा कैदी परका होता. परक्याचा बंदिवास आम्हांस प्रेक्षणीय वाटतो आणि आपल्याचा वंदनीय, ही आमची न्यायबुद्धी आम्हीच एकदा तपासून पाहावी.

उलट, पर्यटनाच्या लोभाने राजवाड्याचे काय होते याचेही उदाहरण लांबचे नाही. ते थिबाच्याच राजधानीचे आहे. मंडालेचा खरा राजवाडा दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या मार्चात जळून गेला. पुढे तेथील लष्करी राजवटीने १९९६ हे पर्यटनाचे वर्ष म्हणून जाहीर केले आणि परदेशी पाहुण्यांसाठी तो राजवाडा नव्याने उभारावयास घेतला. त्या कामावर आणि भोवतालच्या खंदकातील गाळ उपसण्यावर कैद्यांना व सामान्य नागरिकांना सक्तीने राबविण्यात आले, ही गोष्ट त्याच काळी जगभर प्रसिद्ध झाली. वेठबिगारीने बांधलेला राजवाडा, वेठबिगारीचे नाव न घेता पाहुण्यांस दाखविला गेला! राजा गेला, इंग्रज गेला, पण वेठ गेली नाही. राजवाड्यांची किंमत केवळ तिकिटांवरून मोजणाऱ्यांनी या हिशेबाकडे एकवार अवश्य पाहावे.

रत्नागिरीजवळ तर सांगण्यासारखी गोष्ट इतकी थोर आहे, की तिच्यापुढे कोणत्याही राजाचे वैभव फिके पडावे. १९१० साली थिबा या नव्या वाड्यात राहावयास आला, त्या वेळी रत्नागिरीत जन्मलेला एक पुरुष मंडालेच्या तुरुंगात होता. बाळ गंगाधर टिळक १९०८ ते १९१४ पर्यंत तेथे होते, आणि 'गीतारहस्य' त्यांनी तेथेच लिहिले. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद, रत्नागिरीचा लोकनायक मंडालेत कैद; आणि दोन्ही कुलुपांची किल्ली एकाच हातात! याच हाताने दिल्लीच्या बहादुरशहास १८५८ साली रंगूनला पाठविले आणि १८६२ साली त्यास तेथेच मातीआड केले. बादशहाची कबर ब्रह्मदेशात, ब्रह्मदेशच्या राजाची समाधी कोकणात. साम्राज्य म्हणजे काय हे शिकविण्यास याहून सोपा धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? रत्नागिरीत टिळकांचे जन्मघर जतन केलेले आहे, आणि थिबाचा वाडाही आहे. एका घरातून दुसऱ्या घराकडे मुलांस चालत नेऊन हा संबंध उलगडून दाखविणारा शिक्षक आम्हांस शंभर जाहिरातींहून मोलाचा वाटतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. वाड्याच्या दर्शनी भागी, ठळक अक्षरांत, मराठीत आणि ब्रह्मी भाषेतही, हे बंदिवासाचे घर आहे असे लिहिलेले असावे. बॉम्बे-बर्मा कंपनी, १८७९ ची कत्तल, खालसा केलेले राज्य आणि विकलेले जवाहीर यांचा वृत्तांत कोणाचीही भीड न धरता सांगितला जावा. राजाच्या कथेइतकीच जागा टूटूच्या कथेस मिळावी. शिवाजीनगरातील समाधीकडे वाड्याइतकेच लक्ष असावे. राणीने पतीचा देह मायदेशी नेण्याची परवानगी मागितली होती आणि ती नाकारली गेली, हे तेथे उभे राहणाऱ्यास कळावे. २०१२ साली ब्रह्मदेशचे अध्यक्ष थेन सेन त्या समाधीस भेट देऊन गेले. त्या देशास जे स्मरण आहे ते आम्हां यजमानांस नसणे लाजिरवाणे होय. आणि वाड्यापासून जो पैसा मिळेल तो वाड्याच्या कौलांवर, तेथील माहितगार वाटाड्यांच्या वेतनावर व गावच्या कारागिरांवर खर्च व्हावा. शेजारच्या सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगविणारे आणि लाखकाम करणारे हात काम करताना दिसतात; तो वाडा जिवंत वाटतो तो त्या हातांमुळे, तेथील सिंहासनामुळे नव्हे.

राजेशाहीने आम्हांस पर्यटन दिले, असे म्हणणाऱ्यांस आमचे शेवटचे उत्तर हे, की राजांनी आम्हांस वास्तू दिल्या असतील. पण त्या उभारल्या पाथरवटांनी, सुतारांनी आणि कर भरणाऱ्या रयतेने, आणि आज त्या पाहावयास येते तीही रयतच. तिला राजाच्या वैभवापुढे मान लवविण्यासाठी आत घ्यावयाचे, की मान वर करून इतिहास वाचण्यासाठी, हे ठरविणे आता कोणा राजाच्या हाती नाही. ते आमच्या हाती आहे. रत्नागिरीकरांनी हा निर्णय करावा, आणि आमच्या वाचकांनी पुढच्या सुट्टीत त्या टेकाडावर जाल तेव्हा मुलांस तो वाडा कोणाचा हे सांगून थांबू नये. तो कोणी बांधला आणि कोणाला कोंडण्यासाठी, तेही अवश्य सांगावे.